सशाच्या वाटेवरची वाघूर

नांदगाव पेठेत आमच्या अब्बांचं दोर-सुतळीचं दुकान होतं. बैलाच्या वेसणीपासून मोटेच्या नाड्यापर्यंत सगळं तिथं मिळायचं. मोटा तेव्हा जवळपास संपल्या होत्या, पण नाड्याचं एक वेटोळं अब्बांनी उगाच खुंटीवर ठेवलं होतं. दुकानात शिरलं की अंबाडीचा उग्र वास नाकात भरे. ज्वारीची सोंगणी आटोपली, वावरं मोकळी झाली की त्या वासाच्या मागानं एक म्हातारा फासेपारधी यायचा. तो दोर घेत नसे, सुतळीही घेत नसे. तो वाख घ्यायचा. अंबाडीची ताटं पाण्यात कुजवून, साल सोलून, धुऊन वाळवलेला तो सोनेरी धागा. पेंढीतून एक बट ओढायची, ती दातात धरून खेचायची, मग बोटावर गुंडाळून कानाजवळ नेऊन तोडायची. कुठली बट टिकेल, हे तो आवाजावरून सांगायचा.

पैसे कधी द्यायचा, कधी नाही. नसले की दोन-तीन दिवसांनी कापडाची पिशवी घेऊन यायचा आणि पिशवी हलत असायची. आत जिवंत ससा असे. आमच्याकडं जनावर जबह झाल्याशिवाय चालत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बंदुकीनं मारलेला, कुत्र्यानं मोडलेला ससा त्यानं आमच्या दारात कधी आणला नाही. जाळ्यातला ससा जिवंत हाती येतो, म्हणून त्याचं गिऱ्हाईक आमच्या मोहल्ल्यात होतं. ही गोष्ट १९८० च्या आसपासची आहे. मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन. कायदा तेव्हाही होता, त्याबद्दल पुढं सांगतो. गावात तो कुणाच्या कानावर आला नव्हता एवढंच.

त्याच्या त्या जाळ्याचं नाव वाघूर. काही भागांत वाघर म्हणतात. जळगावकडं वाघूर नावाची नदी आहे, तिचा इथं संबंध नाही. शब्द फार जुना. संस्कृतात वागुरा म्हणजे जनावरं पकडायचं जाळं, अमरकोशात तो आहे आणि वागुरेवर पोट भरणाऱ्याला वागुरिक असं नावही आहे. मराठीत पाहायचं तर ज्ञानेश्वरी उघडा. सोळाव्या अध्यायात आसुरी वृत्तीच्या माणसांचं वर्णन चाललेलं असताना डोंगराकडं निघालेला पारधी येतो आणि त्याच्या सामानात पाश आहेत, ससाणे आहेत, वागुराही आहेत. बी.ए.ला असताना ती ओवी वाचली तेव्हा मला आमच्या दुकानातला म्हातारा आठवला आणि जरा वाईटही वाटलं. द्रव्याच्या मागं लागलेल्या माणसाला पारध्याची उपमा दिली आहे. आमच्या म्हाताऱ्यापाशी द्रव्य कधीच नव्हतं. पण एक गोष्ट त्या ओवीवरून कळते. १२९० साली हा शब्द ऐकणाऱ्याला समजावून सांगावा लागत नव्हता. आज लागतो, म्हणून हे बोलणं.

आधी सशाबद्दल थोडं. आपण मराठीत एकाच शब्दानं दोन जनावरं हाकतो. पिंजऱ्यात पाळलेला, लाल डोळ्यांचा पांढरा ससा हा मूळचा युरोपातला. तो जमिनीत बिळं करतो, कळपानं राहतो, त्याची पिल्लं उघडी आणि मिटल्या डोळ्यांची जन्मतात. आपल्या रानातला ससा वेगळा. भुऱ्या अंगाचा, मानेवर काळा डाग असलेला. तो बीळ खणत नाही. दिवसभर गवताच्या बुडाशी, पऱ्हाटीच्या ओळीत किंवा धुऱ्यावरच्या बोरीखाली अंग दाबून बसतो. बसून बसून तिथं त्याच्या देहाच्या मापाची खळगी पडते, तेवढंच त्याचं घर. पिल्लं केसांसकट आणि उघड्या डोळ्यांनी जन्मतात, कारण त्यांना लपवायला बीळच नाही.

जाळं लावायच्या सगळ्या शास्त्राचं मूळ या एका फरकात आहे. इंग्लंडातले लोक बिळात राहणाऱ्या सशासाठी लांब जाळी लावत. ससे रात्री चरायला शेतात उतरले की शेत आणि बिळं यांच्या मधोमध, अंधारात, शंभर-शंभर यार्डांचं जाळं ताणायचं आणि पलीकडून त्यांना उठवायचं. ससा घराकडं धावणार हे ठरलेलं, म्हणून जाळं कुठं लावायचं हेही ठरलेलं. आपल्या सशाला घर नाही. मग तो धावेल कुठं? हे ज्याला सांगता येतं, त्यालाच वाघूर लावता येते. जाळं कुणीही विणील.

कुणीही विणील म्हणालो, पण ते विणणंही सोपं नव्हतं. म्हातारा आमच्या दुकानाच्या ओट्यावर बसूनच वाख वळायचा. मांडीवर तळहातानं एक फेर पुढं, एक मागं. दोन पदर एकमेकांत चढत जायचे. दोरी जाड झाली तर जाळं जड होतं आणि सशाला दिसतं. बारीक झाली तर ससा दातानं तोडतो. बाजरीच्या कणसाच्या देठाएवढी असावी असं तो म्हणे. विणताना डाव्या हातात बांबूची चपटी पट्टी धरायची आणि प्रत्येक गाठ त्या पट्टीवरून घ्यायची, म्हणजे सगळे डोळे एका मापाचे पडतात. डोळा किती मोठा? चार बोटं आत जातील, मूठ अडकेल, इतका. त्यातून सशाचं डोकं आरपार गेलं पाहिजे आणि खांदा अडला पाहिजे. डोळा लहान ठेवला की ससा जाळ्यावर आपटून मागं उडतो आणि मोठा ठेवला की सरळ निघून जातो. गाठ न सरकणारी हवी. ती सरकली तर एक डोळा मोठा होतो आणि शेजारचे आवळतात. विणून झालं की बाभळीच्या सालीच्या काढ्यात जाळं बुडवायचं. त्यानं वाख टिकतो आणि रंग वाळल्या गवतासारखा होतो. काठांतून दोन जाड दोर ओवायचे, एक वर, एक खाली.

हे सगळं झाल्यावर तो जी गोष्ट सांगायचा, ती मला तेव्हा उलटी वाटली होती. जाळं ताणायचं नाही.

"ताणलं का ससा उसळते," तो म्हणाला, "ढिलं सोडलं का गुतते."

चाळीस हात लांबीचं जाळं पंचवीस-सव्वीस हातांच्या दोरावर चुण्या घालून बसवायचं. म्हणजे उभं केल्यावर ते चटईसारखं सपाट दिसत नाही, पोतं झोळावं तसं झोळतं. ससा आदळला की सैल जाळं त्याच्याबरोबर पुढं जातं, त्याच्याभोवती पिशवी होते आणि तो जितकी धडपड करील तितके डोळे त्याच्यावर चढत जातात. इंग्रज जाळीवाल्यांचंही गणित साधारण हेच होतं, शंभर यार्ड दोराला दीडशे यार्ड जाळं. दोघांची कधी भेट नाही, पण दीडपटीचा हिशेब एकच. सशानंच तो दोघांना शिकवला असणार.

उभं करायची तऱ्हाही तशीच. टोकाला बेचकं असलेल्या काठ्या सहा-सात हातांवर रोवायच्या आणि वरचा दोर त्या बेचक्यांत नुसता टेकवायचा. बांधायचा नाही. उंची कमरेला येईल न येईल एवढीच. खालचा काठ जमिनीवर, ससा येणार त्या बाजूला हातभर पसरून ठेवायचा, नाहीतर ससा नाक घालून खालून निसटतो. फक्त दोन टोकांच्या खुंट्या पक्क्या. धक्का बसला की दोर बेचक्यांतून सुटतो आणि जाळं सशावर कोसळतं. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी झेनोफन नावाच्या ग्रीक लेखकानं शिकारीवर एक पुस्तक लिहिलं. त्यातला मोठा भाग ससा आणि त्याची जाळी यांनीच भरलेला आहे. कुठल्या जाळ्याला किती धाग्यांचा पीळ घालायचा, हेसुद्धा तो सांगतो. बिनबांधल्या बेचक्यांची युक्तीही तिथं आहे. हे मी पुष्कळ नंतर वाचलं. म्हाताऱ्याला सांगायला तो उरला नव्हता.

आता जागा. एकदा अब्बांनी मला त्याच्याबरोबर पाठवलं. कसं पाठवलं याचं आज नवल वाटतं, पण तेव्हा पोरांना लोक असं सोडून देत. गावाबाहेर ई-क्लासची जमीन होती, म्हणजे सरकारी चराईची. कुसळी गवत, तरोटा, पळसाची झुडपं आणि मधूनमधून मुरुमाचे उंचवटे. एका बाजूनं हरभऱ्याची वावरं. म्हातारा जाळं न घेताच आला होता. त्या दिवशी आम्ही सकाळभर फक्त चाललो.

तो वाकून लेंड्या बघायचा. सशाची लेंडी गोल, चपटी, आत नुसता गवताचा भुसा. ताजी काळसर आणि ओली, जुनी पांढुरकी. मग त्यानं मला वाट दाखवली. मला काहीच दिसेना. गवत एका रेषेत किंचित दबलेलं होतं आणि ती रेषा धुऱ्यावरच्या काटीकुंपणाशी येऊन, एका वीतभर फटीतून पलीकडं हरभऱ्यात गेली होती. फटीच्या काट्याला भुऱ्या केसांचे दोन-तीन तंतू अडकले होते. ससा रोज नवी वाट काढत नाही. चरायला जायचा रस्ता, परतायचा रस्ता आणि संकटात पळायचा रस्ता, सगळे त्याचे पायाखालचे. घर नसलं तरी वाटा आहेत. म्हातारा त्या वाटा गोळा करत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे सात-आठ जण निघाले. पहिलं काम मला फार गमतीचं वाटलं. खोकडाची दोन बिळं होती, त्यांच्या तोंडात बोरीच्या काट्या कोंबल्या. आपला ससा बीळ खणत नसला, तरी जीव गळ्याशी आला की दुसऱ्याच्या बिळात शिरतो. मग वारा पाहिला. चिमूटभर धूळ सोडून. वारा हाकाऱ्यांच्या पाठीवर पाहिजे. म्हणजे त्यांचा वास आणि चाहूल सशापर्यंत पोचते आणि तो पुढं निघतो. जाळ्यापाशी दबून बसलेल्यांचा वास मात्र त्याच्यापासून दूर वाहून जातो. वारा फिरला तर दिवस वाया.

वाघूर लावली ती उंचवट्याच्या माथ्यावर नाही, माथ्याच्या जरा पलीकडं, उतारावर. कारण विचारलं तर म्हाताऱ्यानं सशासारखे हात करून दाखवले. सशाचे मागचे पाय लांब, पुढचे आखूड. चढावर तो कुत्र्याला ऐकत नाही, म्हणून घाबरला की चढाकडं निघतो. माथ्यावरून पलीकडं पाय टाकला की जाळं एकदम समोर. त्यातही त्याची एक खोड म्हाताऱ्याला ठाऊक होती.

"बाबू, सशाले बाजूचं दिसते, मांगचं दिसते. नाकासमोरचंच दिसत नाई."

डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असलेल्या जनावराचं हे खरंच आहे. सशाला जवळजवळ भोवतालचं सगळं दिसतं, पण अगदी नाकापुढची एक चिंचोळी पट्टी आंधळी राहते आणि त्याचं लक्ष तर पाठीमागच्या माणसांवर असतं. कासवाशी शर्यत हरलेल्या सशाला आपण आळशी ठरवलं. बिचाऱ्याला पुढचं दिसतच नसेल.

हाकारा म्हणजे आरडाओरडा, पत्र्याचे डबे, असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. सहा माणसं चंद्रकोरीसारखी पसरली आणि अगदी सावकाश, गुरं शोधत निघाल्यासारखी, झुडपांवर काठी टेकवत चालू लागली. मधूनच कुणी खाकरायचं. घाई केली की ससा उधळतो, वाट सोडतो, उंच उड्या मारतो, हाकाऱ्यांच्या पायांतून मागं निघून जातो. हळू गेलं की तो उठतो, थोडा पुढं जातो, बसतो, कान टवकारतो, पुन्हा पुढं. आपल्याच वाटेनं. शेवटच्या पन्नास पावलांत मात्र एकदम ओरडायचं, म्हणजे त्याला विचार करायला सवड मिळत नाही. त्या दिवशी तीन ससे उठले. एक बाजूला उडी मारून गेला, त्याच्याकडं कुणी वळूनही पाहिलं नाही. दोन जाळ्यात आले.

ससा रडतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. एरवी मुका असलेला हा प्राणी पकडला गेला की तान्ह्या पोरासारखा ओरडतो. ज्यानं ते ऐकलं असेल त्याला मी काय म्हणतो ते कळेल. म्हातारा गुडघ्यावर बसला, जाळ्यावरूनच दोन्ही हातांनी अंग दाबून धरलं आणि ओरडणं थांबलं. मागचे पाय आधी धरायचे, नाहीतर नखांनी तो हात फाडतो. मग एकेक डोळा सोडवत त्यानं पहिला बाहेर काढला. दुसऱ्याच्या पोटावरून त्यानं अंगठा फिरवला आणि थांबला.

"भरलेली हाये. जाऊ दे इले."

ती मादी त्यानं जमिनीवर ठेवली, हात काढला, आणि ती आधी हललीच नाही. मग गेली. सोबतच्यांपैकी कुणी हूं की चूं केलं नाही. सकाळभर आठ माणसं राबली होती आणि हाती एक ससा होता.

मी हे रम्य करून सांगत नाही. त्या माणसांना भूक होती, आणि भुकेल्या माणसाचे सगळेच दिवस असे नसतात. पण या जाळ्यात सोडून द्यायची सोय होती, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. बंदुकीत ती नाही. तारेच्या फाशात नाही. आज वावराच्या धुऱ्यावरून सोडतात त्या विजेच्या तारेत तर नाहीच. तिला ससा, रोही, रानडुक्कर आणि पाणी द्यायला रात्री निघालेला माणूस सारखाच.

लांब जाळं हे एकट्याचं हत्यार नाही, हेही त्या दिवशी कळलं. जगात दुसरीकडंही ते असंच दिसतं. अमेरिकेच्या पश्चिमेला नेवाडा-युटाच्या वैराण पट्ट्यात पायूट आणि शोशोनी लोक राहतात. तिथला ससाही आपल्यासारखाच बीळ न करणारा. हे लोक रानटी तागासारख्या एका झाडाचा वाख मांडीवर वळून शेकडो फूट लांब जाळी विणत. एरवी विखुरलेली कुटुंबं शरद ऋतूत एकत्र येत, आपापली जाळी टोकाला टोक लावून जोडत आणि सगळे मिळून हाका करत. मांस वाटून घेत, कातड्यांच्या पट्ट्या विणून थंडीची पांघरुणं करत. त्यांचं आणि आमच्या म्हाताऱ्याचं काम शेजारी ठेवलं तर फरक फक्त सशाच्या कानांच्या लांबीत पडेल.

आता कायदा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा लहान शिकारीसाठी परवान्याची सोय त्यात होती. १९९१ च्या दुरुस्तीनं ती संपली आणि ससा आजही संरक्षित आहे. लोकांना वाटतं की मारलं तरच गुन्हा. तसं नाही. कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत पकडणं, फास लावणं, सापळा लावणं, हाका करणं आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्नसुद्धा येतो. म्हणजे वाघूर नुसती उभी केली, ससा आला नाही, तरी गुन्हा. मी वर जे सविस्तर सांगितलं ते कुणी करून पाहू नये, हे यात आलंच. कायदा योग्य आहे असंच माझं मत आहे. त्या ई-क्लासवर आता ससे शोधायचे तर आधी ई-क्लास शोधावी लागेल. गावाच्या अंगानं औद्योगिक वसाहत आली, औष्णिक वीजकेंद्राची धुराडी आली, कापडाच्या कारखान्यांची शेडं आली. वऱ्हाडात ज्वारी हटून सोयाबीन आलं तशी वावराच्या कडेची अंबाडीही गेली. ससा, गवत आणि वाख एकाच काळात कमी झाले.

पण एका बाबतीत मन स्वस्थ होत नाही. पारध्याला गुन्हेगार म्हणणं १९७२ ला सुरू झालं नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि देशभरातल्या कितीतरी भटक्या जमातींच्या माणसांना जन्मतःच संशयित ठरवलं. सोलापुरात तारेच्या कुंपणाआडची सेटलमेंट होती, तिथं इतर जमातींबरोबर पारधीही डांबलेले होते. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तो दिवस भटके लोक विमुक्त दिन म्हणून पाळतात. कागदावरचा डाग गेला, लोकांच्या डोळ्यांतला राहिला. त्यावर वीस वर्षांनी दुसरा कायदा आला आणि त्यांना येणारं एकमेव काम गुन्हा झालं. तो सशासाठी आला होता, बरोबर होता, पण वाघूर खाली ठेवल्यावर हातांनी काय करायचं, हे त्या हातांना कुणी फारसं सांगितलं नाही. जमीन नाही, दाखला नाही, गावात चोरी झाली की पहिली धाड तांड्यावर. आमच्या म्हाताऱ्याला मी दोनदा चौकशीला नेताना पाहिलं. दोन्ही वेळा तो परत आला आणि दोन्ही वेळा दुकानाच्या ओट्यावर बसून वाख वळू लागला.

काही ठिकाणी वेगळं घडलं आहे. आमच्या जिल्ह्यात नांदगाव नावाची दोन मोठी गावं, आमचं पेठ आणि दुसरं खंडेश्वर. बाहेरचे लोक नेहमी घोटाळतात. त्या दुसऱ्या नांदगावच्या तालुक्यात मंगरूळ चव्हाळा इथं मतीन भोसले या फासेपारधी तरुणानं शिक्षकाची नोकरी सोडून २०१२ साली पारध्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. नाव ठेवलं प्रश्नचिन्ह. २०१९ मध्ये समृद्धी महामार्गाच्या कामात त्या शाळेच्या काही खोल्या आणि ग्रंथालय पाडलं गेलं, तरी मुलं तिथं राहिली. अकोला-वाशिमकडं कौस्तुभ पांढरीपांडे आणि त्यांची संवेदना ही संस्था फासेपारध्यांना बरोबर घेऊन माळरानं राखायचं काम करते. तणमोर हा फार दुर्मीळ झालेला पक्षी. तो उंच गवतात कुठं नाचतो, कुठं बसतो, हे पुस्तकवाल्यांपेक्षा फासे लावणाऱ्यांना अधिक ठाऊक होतं. ते ज्ञान आता पक्षी राखायला उपयोगी पडतं आहे.

सशाच्या बाबतीतही असं होऊ शकतं, हे मी हवेत बोलत नाही. इटली, पोलंडसारख्या देशांत लांब जाळी लावून, हाका करून ससे जिवंत पकडतात, आणि जिथं ते कमी झालेत तिथं नेऊन सोडतात. कधी कानाला बिल्ला लावून, वजन करून तिथल्या तिथं सोडतात. दोर तोच, ढील तीच, वारा पाठीवर घेणंही तेच. आपल्याकडं ससे मोजायला, त्यांच्या वाटा नकाशावर घ्यायला निघालेल्या मंडळींना जाळंसुद्धा नको, तो वाकून लेंडी बघणारा माणूस हवा. तसे अजून आहेत. फार नाहीत.

म्हातारा माझ्या कॉलेजच्या दिवसांत गेला. त्याच्या आधी एका उन्हाळ्यात त्यानं वाघूर अब्बांकडं गहाण ठेवली होती, किती रुपयांवर ते अब्बांनी कधी सांगितलं नाही. सोडवायला कुणी आलं नाही. अब्बांनी ती विकली नाही. पुढं दुकान बंद झालं, तेव्हा एका ओळखीच्या शेतकऱ्यानं ती मागून नेली आणि बैलगाडीतून कुटार वाहायला वापरली. डोळे मोठे म्हणून कुटार सांडायचं, तर त्यानं आतून गोणपाट लावलं. गाडी गेली तशी ती परत आली. गेल्या हिवाळ्यात घराची आवराआवर करताना माळ्यावरून खाली काढली. निम्मी उंदरांनी खाल्लेली आहे. एका कोपऱ्यात डोळ्याची एक बाजू तुटून दुरुस्त केलेली दिसते. सशानं तोडली असणार. गाठ त्याच्याच हातची, पण धागा वाखाचा नाही, आमच्या दुकानातल्या तांबड्या सुताचा आहे. ते सूत अब्बा त्याला फुकट देत असत.